नामधारकाचं गाऱ्हाणं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीचा अंक निघायचा झाला की संपादक मंडळींचा निरोप येतो, "यंदा तुम्हीही काहीतरी लिहा." मी काही शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. होऊन बत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली, लेजर आणि व्हाउचर यांतच आयुष्य गेलं. त्यामुळे दरवर्षी नमस्कार करून सुटत होतो. यंदा मात्र स्वतःहून लिहायला बसलो आहे. कारण एक प्रश्न असा आहे, की तो शेजारतीनंतर मंदिराच्या कट्ट्यावर निघतो, आणि कोणीतरी "जाऊ द्या, देवाची मर्जी" म्हणून तिथल्या तिथे मिटवतो.

प्रश्न असा : "मी एवढी सेवा केली, पारायणं केली, गुरुवार केले. तरी महाराजांनी माझं ऐकलं का नाही?"

आपल्यापैकी ज्यांची साठी उलटली आहे, त्यातल्या बहुतेकांनी हा प्रश्न कधी ना कधी मनात विचारलेला असणार. कोणाचं माणूस गेलं, कोणाच्या मुलाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा परदेशातून फोनसुद्धा करत नाही. तोंडानं बोलायची भीती वाटते, कारण बोललं की भक्ती कमी आहे असा अर्थ निघेल. मी तो प्रश्न विचारला आहे. म्हणून आधी माझी हकिगत सांगतो, मग श्रीगुरुचरित्रात त्याबद्दल काय आहे ते पाहू.

पुरातले तीन दिवस

आमच्या मंडळींची दोन्ही मूत्रपिंडं २०१८ साली निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्या वर्षी मी दोन सप्ताह केले. पहाटे स्नान, सोवळं, एक वेळचं जेवण, सगळं नियमानं. मागणं एकच होतं. नातवाची मुंज पाहण्याची तिची फार इच्छा होती. महाराजांना म्हटलं, "जास्त मागत नाही. पाच वर्षं द्या."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला पूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. आमच्या खालच्या खोल्या बुडाल्या, आम्ही वरच्या मजल्यावर. वीज नाही, फोन लागत नाही, आणि तिची डायलिसिसची पाळी चुकलेली. तिला धाप लागायला लागली, चेहरा सुजला. मी उशाशी बसून जप करत होतो आणि दर अर्ध्या तासानं जिन्यात जाऊन पाणी कुठल्या पायरीवर आलं ते पाहत होतो. "महाराज, पाणी उतरू द्या." एवढंच मागत होतो. पाणी उतरलं नाही. आणखी दोन पायऱ्या चढलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतली तालमीची पोरं नाव घेऊन आली. तिला खुर्चीसकट उचलून नावेत ठेवलं. एका पोरानं स्वतःचा शर्ट काढून तिच्या डोक्यावर धरला, कारण पाऊस चालूच होता. पुढे रस्त्याला लागल्यावर ट्रॅक्टर, मग एक जीप, असं करत संध्याकाळी मिरजेला पोहोचलो. रात्री डायलिसिस झालं, ती वाचली.

पण पुढच्या पौषात, जानेवारी २०२० मध्ये, ती गेली. पाच वर्षं मागितली होती, दोनही पुरी मिळाली नाहीत.

तेराव्यानंतर भेटायला आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला एकीकडे घेऊन सांगितलं, "पारायणात सोवळ्याची काही चूक झाली असेल बघा." त्या दिवशी मी पोथी लाल वस्त्रात गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. देव नाही असं मला वाटलं नाही. देव आहे, पण त्यानं माझा अर्ज वाचलाच नाही, असं वाटलं. ते जास्त वाईट.

काकूंचा निरोप

जवळजवळ दोन वर्षं पोथी तशीच होती. मंदिरात जायचो, पण बाहेरून हात जोडून परत. आमच्या मागच्या वाड्यात एक काकू राहतात. वय ऐंशीच्या पुढे. २०२१ च्या मार्गशीर्षात त्यांनी निरोप पाठवला, म्हणून गेलो.

म्हणाल्या, "अरे, माझे डोळे गेले. हे होते तेव्हा ते वाचायचे, मी ऐकायची. आता वाचणारं कोणी नाही. रोज एक अध्याय वाचशील का?"

मी म्हटलं, "काकू, मी पोथी बांधून ठेवलीय. माझा आता विश्वास राहिला नाही. दुसरं कोणीतरी बघा."

त्या म्हणाल्या, "तुझ्या विश्वासाचं मी कुठं विचारलं? तुझे डोळे चांगले आहेत ना? तू नुसता वाच. ऐकायचं काम माझं."

यावर काय बोलणार? दुसऱ्या दिवशी पोथी खाली काढली.

पोथीची सुरुवातच गाऱ्हाण्यानं

भक्तहो, पहिला अध्याय आयुष्यात कितीदा वाचला असेन त्याचा हिशोब नाही. पण सप्ताहात पहिल्या दिवशी अध्याय बरेच असतात, नजर पुढे धावते. त्या दिवशी काकूंना ऐकू यावं म्हणून एकेक ओवी सावकाश वाचत होतो, आणि नामधारकापाशी येऊन थबकलो.

आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, की सरस्वती गंगाधरांनी रचलेलं हे चरित्र म्हणजे सिद्ध आणि नामधारक यांचा संवाद आहे. पण हा नामधारक पोथीत येतो कसा? तृप्त होऊन येत नाही. अनेक कष्टांनी गांजून, घर सोडून, गाणगापूरच्या वाटेनं, उपाशीतापाशी चाललेला असा येतो. आणि वाटेत तो गुरूंची नुसती स्तुती करत नाही, चांगलं भांडतो. त्याच्या बोलण्याचा भावार्थ असा : तुम्हाला कृपाळू म्हणतात, मग माझं का ऐकत नाही? आधी सेवा घ्यायची आणि मग द्यायचं, याला दातेपण म्हणत नाहीत. ढग विहिरी-तळी भरतो, तो त्यांच्याकडून कोणती सेवा घेतो? आणि सेवाच हवी असेल तर आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या तुमची सेवा केली आहे. ते ऋण तुमच्याकडे बाकी आहे, ते मला द्या.

बाकीचा हिशोब मागणारा नामधारक पाहून माझ्यातला कारकून जागा झाला! हे तर माझंच भांडण. आणि हे भांडण कोणी गुपचूप केलेलं नाही, पवित्र पोथीच्या पहिल्याच अध्यायात, सोवळ्यानं वाचावं अशा ठिकाणी लिहून ठेवलं आहे.

पुढे काय होतं? महाराज रागावतात का? "चालता हो" म्हणतात का? नाही. थकून झोपलेल्या नामधारकाच्या स्वप्नात जटाधारी योगी येतो, त्याला भस्म लावतो आणि अभय देतो. जागा होऊन पाहतो तर समोर कोणी नाही. पण पुढे वाटेवर सिद्ध भेटतो. आणि तो सिद्ध त्याला चरित्र सांगायला लागतो.

म्हणजे बघा, नामधारकानं मागितली कष्टांतून सुटका. त्याला आधी मिळाला सोबती, आणि ऐकायला मिळालं श्रीगुरूंचं चरित्र. तो भांडला नसता, घर सोडून निघाला नसता, तर तुमच्या-आमच्या देव्हाऱ्यात आज ही पोथी नसती.

म्हणून पहिला पाठ मी असा घेतला : गुरूंपाशी गाऱ्हाणं करणं म्हणजे अश्रद्धा नव्हे. आई ऐकते अशी खात्री असते म्हणूनच लेकरू भोकाड पसरतं. नामधारक रडला, भांडला, पण गाणगापूरची वाट त्यानं सोडली नाही. मी भांडलो नाही, अबोला धरला. माझं चुकलं ते तिथं.

वेल आणि वाळकं लाकूड

आता दोन कथा. आपल्या सर्वांच्या तोंडपाठ आहेत, पण संकटात असताना त्या वेगळ्या दिसतात.

अठराव्या अध्यायात अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाची कथा आहे. दारात घेवड्याचा वेल, भिक्षा मिळाली नाही तर त्याच्या शेंगांवर त्या दिवसाचं भागायचं. श्रीनृसिंहसरस्वती त्यांच्याकडे भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले, आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. घरातली बाई रडायला लागली. नवऱ्यानं तिची समजूत घातली. मग तो उरलेलं मूळ काढायला गेला तर खाली द्रव्यानं भरलेला कुंभ सापडला.

आपण ही कथा सांगताना घाईघाईनं कुंभापर्यंत येतो. पण वेल उपटला गेला आणि कुंभ सापडला, या दोन गोष्टींच्या मधला जो वेळ आहे, त्याचा विचार करा. त्या वेळात त्या बाईच्या हातात काय होतं? सुकत चाललेला वेल आणि उद्याची काळजी. तिच्या दृष्टीनं गुरू जेवून गेले आणि तोंडचा घास काढून गेले. तिला कुंभ ठाऊक नव्हता. आपल्यातले कितीतरी जण त्याच मधल्या वेळात उभे आहेत. तिच्या रडण्याबद्दल महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरी कथा चाळिसाव्या अध्यायातली. नरहरी नावाचा ब्राह्मण कुष्ठानं पिडलेला गाणगापूरला आला. महाराजांनी त्याला औदुंबराचं एक वाळकं लाकूड दाखवलं, आणि संगमावर रोवून त्याला रोज पाणी घाल म्हणून सांगितलं. तो घालू लागला. लोक हसले. म्हणाले, "अरे वेड्या, वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का? तुझा रोग जाणार नाही, हेच महाराजांनी तुला आडून सांगितलंय." नरहरी म्हणाला, गुरूंनी सांगितलंय, मी करणार. शेवटी महाराज स्वतः संगमावर आले, कमंडलूतलं पाणी घातलं, आणि लाकडाला पालवी फुटली. नरहरीचं शरीरही शुद्ध झालं.

इथं मला जाणवलं ते हे, की पालवी फोडणं हे नरहरीचं काम नव्हतंच. त्याचं काम रोज नदीवर जायचं, पाणी आणायचं, घालायचं. पालवीचं खातं महाराजांचं. आपण काय करतो? पाणी घालायचं सोडून देतो आणि दिवसभर लाकडाकडे बघत बसतो, फुटली का पालवी, फुटली का!

पण कुंभ सापडलाच नाही तर?

इथं कोणीतरी म्हणेल, "अहो, कथांचा शेवट गोड आहे. तुमच्या घरी कुठं कुंभ सापडला?" हा प्रश्न मी काकूंनाही विचारला होता. त्या म्हणाल्या, "टेंबे स्वामींचं चरित्र वाचलंस ना?"

खरं आहे. श्रीवासुदेवानंदसरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी महाराज, १८५४ साली सिंधुदुर्गातल्या माणगावी जन्मले. दत्तसंप्रदायात अलीकडच्या काळात एवढा मोठा अधिकारी पुरुष नाही. आपण रोज संध्याकाळी करुणात्रिपदी म्हणतो ती त्यांचीच. पण त्यांच्या संसाराकडे पाहा. अपत्यसुख लाभलं नाही. १८९१ साली गंगाखेडला त्यांच्या पत्नी गेल्या, आणि त्यानंतर त्यांनी संन्यास घेतला. संग्रहणीच्या विकारानं त्यांना जन्मभर त्रास दिला. तशा शरीरानं ते भारतभर पायी फिरले, आणि १९१४ साली गरुडेश्वरला नर्मदाकाठी समाधिस्थ झाले. दत्तमहाराज ज्यांच्याशी बोलत असं आपण मानतो, त्यांचंसुद्धा दुखणं गेलं नाही. आता सांगा, त्यांच्या सोवळ्यात चूक होती का?

करुणात्रिपदी म्हणताना आपण चाल सांभाळतो, टाळ सांभाळतो. पण ती विनवणी आहे. गुरूंनी कोप आवरावा, जवळ घ्यावं, म्हणून केलेला आकांत आहे. एवढ्या मोठ्या पुरुषालाही आळवावं लागलं, आणि आळवून झाल्यावर ते पुढच्या मुक्कामाला चालू लागले.

बँकेत आमच्याकडे एक सस्पेन्स खातं असायचं. मराठीत त्याला उचंत खातं म्हणतात. एखादी रक्कम आलेली असते, पण ती कोणत्या खात्याची ते कळत नाही. ती फेकून देत नाहीत, आणि अंदाजानं कोणाच्याही नावावर टाकत नाहीत. उचंत खात्यात जमा करून ठेवतात. तपशील मिळाला की योग्य जागी जाते. काही नोंदींचा तपशील मी निवृत्त होईपर्यंत मिळाला नव्हता. तरी रोजच्या ताळेबंदात त्या धरलेल्या असायच्या. हरवलेल्या नव्हत्या.

माझं पाच वर्षांचं मागणं मी आता तिथं ठेवलं आहे. ती का गेली याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि "पूर्वजन्मीचं असेल" असं अंदाजानं लिहून मी तो हिशोब जुळवणारही नाही. पण एक नोंद मात्र मी आता बदलली आहे. पुरात मी पाणी उतरावं म्हणून मागत होतो, म्हणून नाव आली ते उत्तर आहे हे मला दिसलंच नाही. शर्ट काढून तिच्या डोक्यावर धरणारा तो पोरगा मला दत्तसंप्रदायातल्या कुठल्याही चमत्काराइतकाच मोठा वाटतो. तेव्हा मी त्याचे आभारही मानले नव्हते. पुढे शोधून काढून मानले.

वाडीचा धडा

आपल्या नृसिंहवाडीचंच पाहा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर महाराज बारा वर्षं राहिले, त्यांच्या मनोहर पादुका तिथं आहेत. पावसाळ्यात कृष्णा चढते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो, त्या पाण्यात स्नान करायला गर्दी करतो. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर श्रीनारायणस्वामी महाराजांच्या मंदिरात नेतात, आणि पूजा-आरती तिथं चालू राहते.

ज्या कृष्णेनं माझं घर बुडवलं, तीच कृष्णा. महाराजांनी तिला स्वतःच्या पादुकांवरून जायला मनाई केली नाही. मी जिन्यात उभा राहून पायऱ्या मोजत होतो, तेव्हा माझे महाराज कुठं कोरड्या जागी बसले नव्हते, तेही पाण्यातच होते. आणि पुजारी मंडळींनी "पाणी उतरलं की मग पूजा करू" असं म्हटलं नाही. जागा बदलली, नेम सोडला नाही.

आचरणात काय आणावं

लेख वाचून बाजूला ठेवू नये, म्हणून मला जे उपयोगी पडलं ते थोडक्यात सांगतो.

१. गाऱ्हाणं असेल तर देवासमोर बसून, मोठ्यानं, आपल्या भाषेत सांगावं. अबोला धरू नये.

२. नेम लहान ठेवावा, पण मोडू नये. सप्ताह झेपत नसेल तर रोज दहा ओव्या. तेही होत नसेल तर एक दिवा आणि एक नमस्कार. तेच आपलं पाणी घालणं.

३. औषधपाणी, डॉक्टर, कोर्टकचेरी, जे माणसानं करायचं ते पूर्ण करावं. नरहरीलासुद्धा महाराजांनी कष्टाचं काम दिलं होतं, नुसतं बसायला सांगितलं नव्हतं.

४. मदत कोणत्या रूपानं आली ते पाहावं. आपण मागितली त्याच दारानं ती येईल असं नाही.

५. आणि हात जोडून सांगतो, दुःखात असलेल्या माणसाला "तुमच्या सेवेत काही कमी पडलं असेल" असं कधीही म्हणू नये. ते वाक्य मी दोन वर्षं छातीवर वागवलं आहे. त्यापेक्षा त्याच्याजवळ बसावं, चहा करून द्यावा, किंवा काकूंसारखं एखादं काम सांगावं.

नातवाची मुंज २०२२ साली झाली. मातृभोजनाच्या वेळी माझी नजर तिला शोधत होती, हे खोटं कशाला सांगू? डोळे भरून आले. पण संध्याकाळी सगळं आवरल्यावर मी पोथी घेऊन काकूंकडे गेलो. उशीर झाला होता. त्या पाटावर बसून वाट पाहत होत्या.

म्हणाल्या, "आज येशील असं वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "मलाही नव्हतं वाटलं."

मग समई लावली आणि पुढचा अध्याय सुरू केला.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥